मिठागरात उतरलेलं विमान

"आजी, नीट बघा. हे तुमचंच मिठागर ना?"

चंद्रावतीने फोटो नाकापाशी नेला. दोन मजली पंखांचं विमान, चिखलात रुतलेलं. शेजारी गोरा वैमानिक. समोर लांब फावडं घेतलेला एक उघडा माणूस. फोटोच्या मागे वैमानिकाच्याच हातचं, निळ्या शाईत: रोहा, ९ मे १९३१.

हा 'रोहा' दत्तात्रेय मास्तरांच्या घशात चार वर्षं अडकला होता. विमान पेणच्या खाडीकाठी उतरलं, असं पोरांना शिकवून ते निवृत्त झाले होते. आता मुंबईच्या एका संग्रहालयाने कळवलं होतं: सोमवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर मागे लिहिलंय तेच छापू. आज रविवार. मास्तर चंद्रावतीची साक्ष लिहून घ्यायला स्टँप पेपर घेऊन पेणला तिच्या घरी आले होते. त्यांच्यावर पाळत ठेवायला, विमान आपल्याच गावी उतरलं म्हणणारे कमळाकरशेठ रोह्याहून आले होते.

तारीख: ________

"पावसाच्या तोंडावरचं हाय," चंद्रावती म्हणाली. "मिठाच्या ढिगांवर पेंढा घातलाय बघा."

मे. जुळलं. इथवर कमळाकरशेठचीही हरकत नव्हती.

स्थळ: ________

"ही आमची उघाडी. खाडीचं पाणी हितनंच आत घेतो. आन् हा फावडंवाला माजा सासरा, जनू. मी चौदाची, नवी सून. ढिगामागं लपलेली, म्हणून दिसत नाय."

"पेण!" मास्तर जवळजवळ नाचलेच.

"थांबा हो मास्तर," कमळाकरशेठ म्हणाले. "मग साहेबानं रोहा कशाला लिहिलं? झोपेत होता?"

"त्याला काय ठावं? वाट चुकलेला," चंद्रावती म्हणाली. "मोडकंतोडकं बोलून इचारलं, कंचं गाव? मामंजींना वाटलं, मिठाच्या करावरचा सायब. जमिनीवरनं घावत नाय म्हणून वरनं आला. घरात तर चोरून काढलेलं मीठ! मामंजी म्हणाले, रोहा."

"म्हणजे धाड पडली असती तर आमच्यावर?"

"व्हय."

कमळाकरशेठ ओट्यावर बसले. त्यांनी पाणी मागितलं.

मास्तरांनी लिहिलं: पेण. शाईची डबी उघडून पुढे सरकवली. चंद्रावतीने अंगठा बुडवला, कागदाजवळ नेला आणि तिथेच थांबली. वरचा शिक्का तिने निरखून पाहिला.

"कागद सरकारी हाय?"

"अगदी पक्का, आजी! उद्या थेट मुंबईला जाणार."

तिने एकदा मागच्या पडवीत गोणपाटाखाली झाकलेल्या मिठाच्या ढिगाकडे पाहिलं. मग अंगठा लुगड्याला पुसला.

"खोडा ते, मास्तर. रोहाच लिवा."