चाकांची गॅरंटी

परदेशातल्या मुलानं "यंदा इकडे या" म्हटलं, तशी बाईंनी परवडणाऱ्या बॅगेसाठी अख्खं दुकान पालथं घातलं. एकेक बॅग फरशीवरून ओढून पाहिली.

"चाकांना दहा वर्षं गॅरंटी, मावशी," दुकानदार म्हणाला. "विमानं बदलून तुम्ही थकाल, चाकं थकणार नाहीत."

मग यंदाचं पुढच्या वर्षावर गेलं, पुढच्याचं त्याच्या पुढच्यावर. सहाव्या वर्षी मुलगा म्हणाला, "आता या वयात कशाला दगदग?" बॅग माळ्यावर टाकायला बाईंनी पलंगाखालून ओढली, तर चाकांच्या रबराचा नुसता भुगा. बॅग आणि पावती घेऊन त्या तणतणत दुकानात गेल्या.

दुकानदारानं ती कोरी करकरीत बॅग उलटी करून पाहिली.


"आजी, ही चाकं चालून झिजलेली नाहीत. नुसतं पडून राहून जे खराब होतं, त्याला गॅरंटी नसते."