प्रेसवरचं लिंबू

नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात राजनंदिनी सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झाली आणि तिसऱ्याच दिवशी तिने पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसवर टांगलेली लिंबू-मिरची तोडून कचऱ्यात टाकली. जुने ऑपरेटर सहादेवमामा पांढरेफटक पडले. चालू मशीनपासून चार पावलं मागे सरले.

"मामा, हात वाचवतो तो हा सेन्सर, लिंबू नाही," हिरव्या दिव्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "आत हात गेला की मशीन जागच्या जागी थांबते. पटत नाही? हे बघा, मीच घालते."

"न्हाई, मॅडम, न्हाई!" मामांनी झडप घालून तिचं मनगट मागं ओढलं. धाडकन प्रेस खाली आली. हात वाचला, हातमोजा तेवढा आत राहिला, पापडासारखा चपटा. पाचही बोटं मोजता येत होती. हिरवा दिवा मात्र तसाच जळत होता.

मामा खाली बसले.

"सेन्सर दिवाळीतच बंद केलाय, मॅडम, दिवा तेवढा ठेवलाय. सारखी मशीन थांबवायचा, माल निघत नव्हता..."

मामांनी कचऱ्याकडे बघितलं.

"तवाच तर लिंबू बांधलं."