आत्याचा शब्द

"हे सांगितलं तर तुमच्यातल्या एकालाही पटायचं नाही," मोआले म्हणाला आणि करवंटीतला कावा, मुळं कुटून केलेलं ते मातकट पेय, त्याने एका दमात संपवला.

"न पटणारं ऐकायलाच तर तुला बोलावतो," समोरून फेटू म्हणाला. मंडळी हसली.

तोंगातल्या त्या लहानशा बेटावर रविवारची दुपार होती. प्रार्थना उरकून पुरुष कावा कालवलेल्या लाकडी परातीभोवती मांडी घालून बसले होते. दारावर चटई सोडलेली होती. तिच्या पलीकडे अंगणात बायका जमिनीतल्या भट्टीतून काढलेली अळूची पानं उलगडत होत्या. त्यांत मोआलेची थोरली बहीण वाइमोआना होती. बऱ्याच वर्षांनी सिडनीहून आली होती. वयात आलेल्या भावाबहिणीने एका छपराखाली बसायचं नाही. म्हणून ती तिकडे, हा इकडे.

"तर माझी लेसिएली," मोआलेने सुरुवात केली. "पोरगी एवढी हुशार, की ती अभ्यासाला बसली की खाडीतले मासे वर येऊन ऐकायचे. ऑकलंडचं विद्यापीठ म्हणालं, आमच्याकडे ये. सिडनीचं म्हणालं, आमच्याकडे. झालं! गावाची दोन शकलं. ज्यांचे सोयरे न्यूझीलंडात ते ऑकलंडवाले, ज्यांचे ऑस्ट्रेलियात ते सिडनीवाले. चर्चमध्ये गाताना दोन्ही बाजूंनी असा जोर लावला, की छप्पर चार बोटं वर गेलं. पाद्री अजून विचारतो, पाणी कुठून गळतं?"

"आणि तू कुणाकडचा होतास?" फेटूने विचारलं.

मोआले हसला नाही. "ऑकलंडचा. निम्मं गाव तिथे आहे. पोरं नाताळला जथ्याने घरी येतात. सिडनीला गेलेलं..." तो अडखळला. "लांब पडतं."

"आणि लेसिएली?"

"तिलाही तेच हवं होतं. म्हणायची, बाबा, नाताळला येणारच मी, डुक्कर राखून ठेवा."

पण मोआलेला काय हवं याला किंमत नव्हती. पोरीच्या बाबतीत बापाहून बापाची बहीण मोठी. आत्याचा शब्द राजासुद्धा मोडत नाही. तो शब्द विचारायला मोआले धक्क्यावर गेला होता, कारण फोनला रेंज तिथेच मिळायची. एकटा गेला आणि परत येऊन पोरीला म्हणाला, आत्या सिडनी म्हणते. पोरगी सामान भरायला लागली.

"फोन आपला नावाला," मोआले सांगत होता. "ती सिडनीत बोलली आणि इथे डुकरं उठून उभी राहिली. 'पोरगी माझ्याकडे पाठव!' धक्क्याच्या फळ्या निखळल्या. चढती भरती मागे फिरली. मी म्हटलं, ताई, हिची आई गेल्यापासून घरात दुसरं कोणी नाही. ती म्हणाली, 'सिडनी!' माझ्या डोक्यावरची टोपी उडाली ती थेट फिजीत सापडली."

लोक पोट धरधरून हसले. फेटूने डोळे पुसले. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "त्याच वर्षी तुझ्या ताईचा नवरा गेला ना रे?"

"त्याच वर्षी."

"मूलबाळही नाही."

"नाही." मोआलेने रिकामी करवंटी हातात फिरवली. "मातीला सिडनीला गेलो होतो मी. सगळे तिच्याभोवती बसले होते. मी फाटकाबाहेर. सख्खा भाऊ, पण शेजारी बसायची सोय नाही. रीत ती रीत."

परातीतला कावा कोणी ढवळला नाही.

"तर म्हणून सांगतो," मोआलेने पुन्हा आवाज चढवला, "माझ्या बहिणीचा शब्द म्हणजे वादळ! पोरगी अशी उचलली, की मला हो म्हणायलाही उसंत मिळाली नाही. आता नाताळचं डुक्कर मी एकटा खातो. अर्धं खातो, अर्धं तिला फोनवर दाखवतो."

या वेळी हसणाऱ्यांत फेटू नव्हता. अंगणातली भांड्यांची खुडबुडही थांबली होती.

"खोटं."

चटईपलीकडून वाइमोआना बोलली. ती आत आली नाही. तिने आवाजही चढवला नाही.

"मी सिडनी म्हटलंच नव्हतं, मोआले. मी म्हटलं होतं, 'पोरीला ऑकलंडलाच जाऊ दे. मला काय, एकटं राहायची सवय होईल.'"