झोपेची गोळी

"सगळ्यात लहान योजना!" भार्गवराव खूश झाले. "बघ शरयू, तुला एका वर्षाचाच औषधविमा पुरे म्हणतंय. ठणठणीत आहेस तू."

विमा कार्यालयातल्या यंत्राने नवरा-बायको दोघांच्याही बोटातून रक्ताचा एकेक थेंब घेतला होता. म्हातारपणी कुणाला, कधी, कोणतं औषध लागणार हे ते आधीच सांगायचं आणि आजवर कधी चुकलं नव्हतं. आता भार्गवरावांची पाळी आली. रक्तदाब, गुडघे, दहा वर्षांची योजना, आणि पुढच्या वर्षापासून रोज झोपेची गोळी.

"झोपेची गोळी? मला?" ते उखडले. "अहो बाई, उशीला डोकं टेकलं की घोरायला लागतो मी. हिला विचारा! काढून टाका ते."

काउंटरवरच्या बाईंनी पडदा शरयूताईंकडे वळवला. शरयूताईंनी पडद्यावरच्या दोन्ही योजना पुन्हा सावकाश वाचल्या. मग त्यांनीच हात लांबवून नवऱ्याच्या गोळीपुढचं होकाराचं बटण दाबलं.

"अगं, कशाला उगाच?"

"असू द्या हो. लागेल." पदराला बोट पुसत त्या उठल्या. "चला घरी. आज आमटी तुम्ही करायची. मी शेजारी उभी राहून सांगते."