टाकीच्या तळाचा थर

मावशीची बारा झाडं तीन आठवडे जगवली, की तिच्या घरातली उन्हाची मोठी खोली भाच्याला राहायला मिळणार होती. त्यासाठी काम एकच: झाडांजवळच्या, हवेत वाफ सोडणाऱ्या ह्युमिडिफायरची टाकी रोज रिकामी करून घासायची. भाचा पक्का हिशेबी. घासण्याचे कष्ट वाचवून तो शिळ्या पाण्यातच ताजं पाणी ओतायचा.

दहाव्या दिवशी टाकीच्या तळाला गुलाबी, बुळबुळीत थर दिसला. बोट लावलं, तर तो कोमट होता. शिसारी येऊन त्याने त्यावर व्हिनेगर ओतलं.

व्हिनेगरची चव त्याच्या तोंडात आली.

त्याने धावत जाऊन दात घासले, चुळा भरल्या. परत आला, तर वाफेला त्याच्या टूथपेस्टचा वास येत होता. त्यानंतर तो वरूनच पाणी ओतायचा; टाकीला हात मात्र लावला नाही.

तीन आठवड्यांनी मावशी गावाहून परतली. "लबाडा, पानं काय तजेलदार ठेवलीस रे! टाकी रोज घासलीस ना?"

"रोज, मावशी."

"बघू तरी." तिने टाकीत ब्रश घालून खसाखसा फिरवला. भाच्याला उमासे येऊ लागले.

"शी! किती चिवट आहे हे. थांब, सुरीने खरवडते."

बाराही झाडं जगली होती, खोली भाच्याची झाली होती, आणि मावशीला थांबवायला त्याची जीभ उचलत नव्हती.