जुने पाय

कस्तुरीच्या गुडघ्यावरचं कवच सकाळी तडकलं आणि हरेश्वरच्या काळजाचं पाणी झालं. पोरीच्या लुळ्या पायांवर डॉक्टरांनी ते चढवलं होतं, खेकड्याच्या पेशींपासून वाढवलेलं, जिवंत. हाडासारखा टणक आधार बाहेरून, ओढणारे स्नायू आतून, आणि सांध्यांवर तेवढी मऊ, पातळ कातडी. त्याच्या जोरावर पोर अंगणभर धावायची.

हरेश्वरने धावत जाऊन जाळ्याचा दोरा आणला आणि भेगेवर करकचून गुंडाळला.

"बाबा, सोड ना! आत पाय चेंगरतोय."

तो वाकला. भेगेच्या आत ओलं, दुधी, नवंकोरं कवच चमकत होतं. त्याचा जन्म खाडीत खेकडे धरण्यात गेला होता. कात टाकलेली मऊ कुर्ली हाती लागली, तर तो ती हलकेच पाण्यात सोडून द्यायचा. त्याने दोरा कापला.

"हळू ओढ, बाय. घाई नाही."

मोज्यातून निघावा तसा एकेक सांधा सुटत गेला. शेवटी रिकामे पाय चटईवर पडले, बोटांसकट, बारीक लवेसकट, अगदी अख्खे.

हरेश्वरला डॉक्टरांचे शब्द आठवले. "पाय वाढून आत मावेनासे झाले, तरच कवच कात टाकेल. पण वाढीची आशा धरू नका."

त्याने रिकामा पाय तिच्या नव्या पायाला लावून पाहिला. टाचेला टाच जुळली, पण नवा गुडघा चांगला दोन बोटं वर होता.

कस्तुरी बघतच राहिली.

"बाबा, माझे जुने पाय लहान कसे झाले?"