उन्हाची खिडकी

दादांचं पाइनचं बोन्साय वाळलं असतं, तर शिवणकाम करणाऱ्या वहिनींना त्यानं अडवलेली घरातली एकुलती उन्हाची खिडकी मिळाली असती. दादा महिनाभर परगावी होते. “विसरा की पाणी! भाऊ माझाच आहे, मी काही बोलायची नाही,” नणंद म्हणाली. वहिनींनाही पटलं. पण झारी ठेवताना सहज बघितलं, तर वळणासाठी गुंडाळलेली तार वाढत्या फांदीत रुतू लागली होती. “अगंबाई, याला काखेत काचतंय!” जन्मभर गिऱ्हाइकांचे कपडे सैल करणाऱ्या हाताला राहवेना. पक्कड घेऊन त्यांनी टाके उसवावेत तशी तार कापली आणि रोज पाणीही घातलं. दादा परतले तेव्हा फांदी वळण धरून होती, सालीवर वळही नव्हता. “तार मी काढणारच होतो.” “हो, पुढच्या जन्मी!” झाडाशेजारी शिलाई मशीन थाटात बसलं होतं. झाडाला ऊन मिळालं, वहिनींना उजेड. माळ्यावर गेली ती खिडकीपाशी पसरलेली दादांची आरामखुर्ची.